करडी अक्षरे

केंद्राच्या पूर्वेकडच्या खिडकीतून येणाऱ्या सकाळच्या पहिल्या उजेडाला रंग नसे. तो आधी गजांवर येऊन थांबे, आत यावे की नाही याचा विचार करीत असल्यासारखा. मग गजांमधून उतरून फरशीवर पसरे आणि बराच वेळ तिथे नुसता करडा पडून राही. बाकांच्या कडा, माठावरचे झाकण, पडद्यांवर साचलेली बारीक धूळ हे सारे त्या उजेडात असे, पण त्यातले काहीच अजून पुरते स्वतःचे झालेले नसे. झाकण पितळेचे की लाकडाचे हे कळत नसे. बाकावर कुणी रुमाल विसरले आहे की तो नुसता सावलीचा तुकडा आहे, हेही कळत नसे. मग टेकडीच्या खांद्यावरून सूर्य वर येई आणि फरशीचा एक चौकोन पिवळा होई. त्या चौकोनातल्या वस्तू एकदम ठाम होत. झाकण पितळेचे असे. रुमाल नसे.

मकरंद उमाळे हे रोज पाहत असे. हा उजेड सूर्याकडून निघून आठ मिनिटे झालेली असतात, आपण पाहतो तो सूर्य आत्ताचा नसतोच, हे त्याला शाळेत शिकवले होते. तेव्हा त्याला त्याचे नवल वाटले होते. पुढे हेच त्याच्या उपजीविकेचे मूळ झाले.

मेहकरच्या जुन्या वाचनालयाच्या माडीवर त्याचे 'दूरपत्र साहाय्य केंद्र' होते. ज्या आईबापांची मुले अवकाशात कामाला गेली होती आणि ज्यांनी उभ्या आयुष्यात एक ई-मेल लिहिला नव्हता, त्यांना तो लिहायला शिकवणे हे मकरंदचे काम. तो मुळात अबोल, माणसांच्या डोळ्यांत फार वेळ न पाहणारा. परंतु पडद्याकडे बोट दाखवून बोलायचे असले की त्याला बोलता येई. पासवर्ड खोलीभर ऐकू जाईल असा म्हणू नये. अनोळखी माणसाने बक्षीस लागल्याचे कळवले तर आनंदून काही दाबू नये. एकाला लिहिलेले सगळ्यांना धाडू नये. या गोष्टी तो न कंटाळता सांगत असे.

"पुंडलिकराव, मजकूर खालच्या चौकटीत लिहायचा. वरच्या ओळीत फक्त विषय."

पुंडलिकराव तायडे हे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांचा मुलगा मंगळावर होता. त्यांनी आपले सगळे पत्र विषयाच्या ओळीत कोंबले होते.

"जागा हाय ना तिथं," ते म्हणाले. "मंग काहून नाही बसवायचं?"

"एसटी हाय का ते?" शेजारच्या पडद्यावरून पार्बताबाई इंगळे म्हणाल्या. "वरतं खचाखच अन् खालतं सारं रिकामं. तुमच्या बोलण्यावानीच काम झालं हे."

माडीवर हशा पिके. पार्बताबाई मात्र हसत नसत. त्या पडद्याकडे पाहत असत.

त्यांची एकुलती एक मुलगी उज्ज्वला 'पुनर्वसू' या यानावर होती. मातीशिवाय धान्य पिकवणे हे तिचे शास्त्र. पुनर्वसू सूर्यमाला ओलांडून पुढे गेले होते आणि रोज अधिक दूर जात होते. प्रकाशाहून वेगवान असे काहीच नाही. ई-मेलही प्रकाशाच्याच पावलांनी चालतो. त्यामुळे मेहकरहून "जेवलीस का?" असे विचारले, तर प्रश्न पोचून उत्तर परत यायला आता आठवडा लागत होता.

सुरुवातीच्या मोहिमांत या विलंबाने माणसे खचली. शास्त्रज्ञांना वाटले होते, लोक समजून घेतील. लोकांना ते समजलेही. पण समजणे आणि सोसणे या निराळ्या गोष्टी आहेत. आया दिवस दिवस पडद्यासमोर बसून राहत. मुलगा रागावला असेल, आजारी असेल, आपल्याला विसरला असेल, असे तर्क त्या मधल्या पोकळीत उगवत. तिकडे यानांवरची माणसेही अशीच झुरत. यावर लोणारजवळच्या माळावरील, यानांचे संदेश टिपणाऱ्या ग्रहण-केंद्रात डॉ. चारुलता पिंपळखरे यांनी एक उपाय शोधला. त्याला त्यांनी 'अग्रोत्तर' असे नाव दिले.

अग्रोत्तर म्हणजे उत्तराच्या आधी येणारे उत्तर. प्रवासी निघण्यापूर्वी त्याची वर्षानुवर्षांची पत्रे, बोलणे, थट्टा, रुसवे हे सगळे एका संगणकाला वाचायला देत. त्यातून त्या माणसाचा एक 'नमुना' तयार होई. आईने पत्र पाठवले की ते यानाच्या दिशेने निघेच. पण त्याच क्षणी इथला नमुना, मुलगी जे बहुधा लिहील ते लिहून आईपुढे ठेवी. ही अक्षरे करडी असत. आठवड्याने खरे उत्तर आले की ते त्याच जागी येऊन बसे. नमुन्याचे शब्द पुसले जात, मुलीचे शब्द उमटत, आणि ते काळे असत. बहुतेक वेळा दोहोंत फारसा फरक नसे. माणूस स्वतःला वाटतो त्याहून बराच अधिक अंदाजात बसणारा असतो.

तेव्हा केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला मकरंदचा पहिला धडा हाच असे: करडे ते अंदाजाचे, काळे ते माणसाचे.

इतरांनी हा धडा ऐकला आणि हळूहळू सोडून दिला. करडे उत्तर आले की त्यांचे समाधान होई. पुंडलिकराव तर म्हणत, "पोरगं समोर होतं तवाही मी अंदाजानंच चालवत होतो." पार्बताबाईंनी मात्र तो धडा गाठ मारून ठेवला. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. वाचताना ओठ हलत, बोट ओळीवरून सरके. करडी ओळ आली की त्यांचे बोट थांबे.

"बापू, हे उजू बोलते का ते तिचं यंत्र?"

"यंत्र, मावशी. पण ती असंच म्हणेल."

"म्हणंन तवा पाहू."

आणि त्या बसून राहत. करड्याला उत्तर देत नसत. "सावलीले जेवाले वाढू का मी?" असे एकदा म्हणाल्या होत्या. उजेडाचा चौकोन पहिल्या बाकावरून दुसऱ्यावर जाई, भिंतीवर चढे, विझे, तरी त्या आपल्या पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मकरंद इतरांना शिकवताना त्यांच्याकडे पाठ करून उभा राहू लागला. एखाद्याचे वाट पाहणे पाहत राहणे त्याला जमत नव्हते. त्याला आपल्या पाठीवर ते जाणवत राही.

एके सकाळी पार्बताबाई डोळे पुसत होत्या. चुलीच्या धुराने डोळ्यांना पाणी येते, असे त्यांनी पूर्वी कधी सांगितले होते.

"अक्षरं फिकट आहेत ना, मावशी?" मकरंद म्हणाला. "थांबा, तुमच्या डोळ्यांना सोयीची करून देतो."

"दे बापा," त्या म्हणाल्या. "तुले समजते त्यातलं."

व्यवस्थेत 'एकरंग' नावाची एक सोय होती. तिने सगळी अक्षरे सारखी काळी होत. ती निवडताच पडद्यावर विचारणा आली: यापुढे अंदाजाचे आणि खरे यांतील फरक दाखवू नये का? मकरंदने 'हो'वर बोट ठेवले.

त्या दिवसापासून पार्बताबाई दुपारपूर्वी घरी जाऊ लागल्या. "काळं झालं रे सारं! आता लवकर येते वाटते तिचं," असे त्या म्हणाल्या, आणि मकरंदने मान डोलावली. त्यांचा चेहरा उजळला, अंगावर थोडे मांस चढले, पुंडलिकरावांशी भांडणात रस वाढला. आपण कुणाचे तरी भले केले असे मकरंदला वाटत असे. ते वाटणे संध्याकाळी घरी जाताना थोडे कमी होई. पण वाटत असे.

पत्रे पार्बताबाई सांगत आणि मकरंद लिहून देई. त्या बोलत ते पत्राच्या मापाचे नसे. म्हैस आटल्यापासून सुरुवात होई, शेजारणीच्या सुनेवर जाई, आणि शेवटी हटकून, "अन् ये वं माय एकडाव, करमत नाही." मकरंद ते थोडक्यात, शुद्ध करून लिही. ई-मेल थोडक्यात असावा, हाही त्याचा एक धडा होता. आणि जी येऊच शकत नाही तिला 'ये' म्हणून का दुखवावे, असेही त्याला वाटे. उज्ज्वलाने एकदा लिहिले होते, "माय, तू आजकाल मास्तरीणबाईवानी लिहितेस." त्यावर सगळी माडी हसली होती. पार्बताबाईसुद्धा.

फाल्गुनातल्या एका सकाळी त्या आल्या आणि म्हणाल्या, "बापू, तो स्वेटरचा कागद काढून दे मले."

"कोणता, मावशी?"

"हिवाळ्यात नव्हता का आला? मी म्हणलं, इकडं थंडी लई हाय. तर ती म्हणे, माय, माह्यावाला निळा स्वेटर पेटीत हाय, तो घाल, लाजू नको. तो कागद देवाजवळ ठेवतो म्हणलं."

मकरंदला ते पत्र आठवत होते. त्याने जुनी पत्रे उघडली, तारीख शोधली. पत्र सापडले. त्यात स्वेटर नव्हता.

तिथे लिहिले होते: "माय, एक गोष्ट विचारतो. इथून एक परतनौका निघणार हाय. यानाचं शेवटचं इंजिन पेटलं का मंग कोणालेच माघारी फिरता येत नाही, म्हणून ज्याले जायचं त्यानं आताच सांगायचं हाय. माह्यं मन इथं लागत नाही. पण काम अर्ध्यात टाकून आली म्हणून तुले वाईट वाटंन का, ते समजत नाही. तू एकडाव ये म्हण. मी येतो. दहा वर्षं लागतीन, पण येतो."

माणसाचा हजारो वर्षांचा समज आहे की, वाचून झालेले पत्र बदलत नाही. कागदाने तो आपल्याला दिला. पार्बताबाईंनी स्वेटरचे पत्र वाचले, आनंदल्या, पुढच्या पत्राकडे वळल्या; आणि आठवड्याने, त्यांच्या मागे, त्याच जागी, त्यांच्या मुलीचा खरा प्रश्न निःशब्द येऊन बसला. अक्षरे काळीच होती. आधीही काळीच होती.

"सापडला का?" पार्बताबाईंनी विचारले.

"प्रिंटर बंद आहे, मावशी," मकरंद म्हणाला. "उद्या."

त्याच दिवशी दुपारी तो लोणारच्या माळावर गेला. भल्यामोठ्या थाळ्यांसारखे अँटेना आकाशाकडे तोंड करून उभे होते. त्यांच्या सावलीत डॉ. पिंपळखरे यांची बैठी कचेरी होती. त्यांनी मकरंदचे म्हणणे शांतपणे ऐकले.

"परतनौका?" त्या म्हणाल्या. "ती संक्रांतीच्या आसपास निघाली. इंजिनही पेटलं."

"उज्ज्वला इंगळे तिच्यात..."

डॉक्टरांनी पडद्यावर पाहिले. "नाही."

"पण तिला तर आईकडून काहीच उत्तर गेलं नाही. तिने वाट पाहिली असेल ना?"

"तिला उत्तर गेलं, मकरंद." त्यांचा आवाज जपून पावले टाकत होता. "तुम्ही फक्त या टोकाचा विचार करता आहात. अग्रोत्तर दोन्ही बाजूंनी चालतं. इथे मुलीचा नमुना आहे, तसा यानावर आईचा आहे. तिने विचारलं त्याच क्षणी आईच्या नमुन्याने तिला उत्तर दिलं असणार. करड्या अक्षरांत."

"मग ते करडंच राहिलं असेल. तिला कळलं असेल, की हे आई बोलत नाही."

"आईची पुढची पत्रं जात होती का?"

"रोज."

"मग आमची व्यवस्था असं धरते, की प्रश्न आईने वाचला आहे. ती पुढे लिहिते आहे आणि अंदाज खोडत नाही, म्हणजे तो तिला मान्य आहे. मुदत संपली की अक्षरं काळी होतात." त्या पुढे म्हणाल्या, "मौन म्हणजे संमती, असं आम्ही मानलं. चाचण्यांत ते जवळजवळ नेहमी बरोबर निघालं होतं."

"काय होतं ते उत्तर?"

त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. *माझी काळजी करू नकोस. हाती घेतलेले काम पूर्ण कर. मी येथे आनंदात आहे.*

मकरंदने ते वाचले. प्रत्येक वाक्याची ठेवण त्याला ओळखीची होती.

"आईचा नमुना कशावरून बनला?" त्याने विचारले; पण विचारतानाच त्याला ठाऊक होते.

"मुलगी निघाल्यापासूनच्या आईच्या ई-मेलांवरून. आधीचं तिचं लिखाण काहीच नव्हतं." डॉक्टर थोडे अडखळून म्हणाल्या, "फार नेटक्या लिहितात त्या."

"मी लिहायचो," मकरंद म्हणाला.

मग डॉक्टरांनी विचारले, "एकरंग का लावलंत? ती सोय दृष्टी अधू असणाऱ्यांसाठी आहे."

"त्यांचे डोळे," तो म्हणाला. "त्यांना करडं दिसत नव्हतं."

परतीच्या वाटेवर त्याने हे वाक्य मनात पुष्कळदा म्हणून पाहिले. पत्रे आपण आखडती लिहिली, ही चूक त्याने स्वतःशी लगेच कबूल केली. ती जड होती, पण उचलता येत होती. डोळ्यांच्या वाक्यापाशी मात्र तो थांबे आणि ते खरेच असल्यासारखे घट्ट धरून ठेवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी अजून करडीच होती तेव्हा पार्बताबाई जिना चढून आल्या. बाकीचे कुणी आले नव्हते.

"झाला का तुहा प्रिंटर नीट?"

मकरंद त्यांच्यासमोर बाकावर बसला. पडद्याकडे बोट दाखवायला काही नव्हते, म्हणून त्याला त्यांच्याकडे पाहून बोलावे लागले. त्याने सगळे सांगितले: स्वेटरचे पत्र उजूचे नव्हते, त्या जागी तिचे खरे पत्र आले होते, त्यात तिने काय विचारले होते, नौका गेली होती. पार्बताबाईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि सोडले.

"मंग," त्या शेवटी म्हणाल्या, "मी काय म्हणलं तिले?"

मकरंदने ती तीन वाक्ये सांगितली.

"पूर्ण कर," पार्बताबाई हळू म्हणाल्या. "पूर्ण. हा शब्द माह्या तोंडात कधी आला रे बापू? तिनं ओळखलं कसं नाही?"

"इतके दिवस तुमच्या नावाने असंच जात होतं, मावशी. मीच तसं लिहीत होतो. 'ये' म्हणायचात ते मी गाळायचो. आणि अक्षरं काळी केली, ती तुमच्या डोळ्यांना त्रास व्हायचा म्हणून..."

"हाव. तू म्हणला होता तसं."

त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या उठल्या, आपल्या नेहमीच्या पडद्यासमोर जाऊन बसल्या.

"आता पहिल्यासारखं कर."

मकरंदने एकरंग काढून टाकले. पडद्यावरचा काळेपणा ओसरला. अनेक महिन्यांची मायलेकींची बोलणी त्यांच्यापुढे होती. बहुतेक काळीच राहिली, आणि ताज्या आठवड्याची करडी झाली. एकरंग लावल्यापासूनची ती काळी पत्रे पार्बताबाईंनी कधीच वाचली नव्हती. त्यांनी त्यांच्याकडे पाहिले आणि नजर काढून घेतली.

"बाकीचं मंग वाचतो. आधी मले लिहू दे. तू हात लावू नको."

त्या एकेक अक्षर शोधून दाबू लागल्या. विषयाच्या ओळीत की खालच्या चौकटीत, हे त्यांना आता सांगावे लागत नव्हते. फार वेळ लागला. मकरंद मागे उभा होता. त्यांनी लिहिले: *उजू मी ये म्हणत होती रोजच म्हणत होती तुह्यापरेंत आलं नाही.*

"जाते का आता नौका माघारी?" त्यांनी मागे न वळता विचारले.

"नाही, मावशी."

"तरी जाऊ दे हे."

त्यांनी कळ दाबली. पत्र लोणारच्या माळावरून निघाले असेल-नसेल, तोच त्याखाली उत्तर उमटले. ज्या मुलीला अद्याप काही ठाऊक नव्हते, जिला ते ठाऊक व्हायला अजून तीन-चार दिवस जाणार होते, तिच्या नावाने नमुन्याने आपले काम चोख केले होते. अक्षरे करडी होती. खिडकीतला उजेडही अजून करडाच होता. सूर्य टेकडीच्या खाली होता आणि मकरंदने दिवा लावलेला नव्हता.

"थांबा मावशी, दिवा लावतो," तो घाईने म्हणाला. "अक्षरं मोठी करतो. दिसायचं नाही तुम्हाला."

"राहू दे."

पार्बताबाईंनी ओळीवर बोट ठेवले. त्यांनी पडदा जवळ ओढला नाही, डोळे बारीक केले नाहीत. एका संथ आवाजात, एकही शब्द न अडखळता, त्यांनी वाचले:

"माय, मले माहीत होतं. तू काही वाईट वाटून घेऊ नको. मी तुह्यावर रागावली नाही."

त्यांनी बोट उचलले. "हे ती नव्हं," त्या म्हणाल्या, आणि हात मांडीवर ठेवून खरे उत्तर येईपर्यंत थांबण्यासाठी बसल्या.

फरशीवरचा चौकोन पिवळा होऊ लागला. मकरंद दिव्याच्या बटणापाशी तसाच उभा होता. करडी अक्षरे पार्बताबाईंना दिसत होती. ती त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होती.